डोंगरउतारावरच्या जुन्या शेतीच्या खुणा : मुंबईत फिरताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण रविवारी सकाळी साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्या बेटावर आहेत त्याच्या, डोंगरांत फिरतो आणि जुन्या बांधांच्या नोंदी ठेवतो. सोबत येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच येतात. बोरिवली, मुलुंड, गोरेगाव, ठाणे अशा ठिकाणी आयुष्य गेलेलं असतं, पण घरामागच्या डोंगराकडे शेत म्हणून कुणी पाहिलेलं नसतं. त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमकं बघायचं काय? मला तर नुसतं गवत आणि दगड दिसतात.

उतार बघा. डोंगराचा उतार एकसारखा खाली येतो. मध्येच तो पाच-सहा पावलं सपाट होतो, मग गुडघाभर खाली उतरतो आणि पुन्हा सपाट होतो. असं लागोपाठ तीन-चार वेळा दिसलं तर थांबा. ती सपाट जागा म्हणजे एके काळचं खाचर, भाताचं शेत, आणि गुडघाभर उतरण म्हणजे त्याचा बांध. माती धुऊन गेलेली असते आणि दगड घरंगळून खाली आलेले असतात, त्यामुळे बांध आता बांधासारखा दिसत नाही. तो जमिनीला पडलेल्या घडीसारखा दिसतो. डोळ्यांच्या आधी ते पायांना कळतं. चालताना पाऊल अचानक निवांत पडायला लागतं.

ही पायरी निसर्गाने केली की माणसाने, हे कसं ओळखायचं?

आमच्या फेरीत सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला जातो, आणि जायलाही हवा. आपला डोंगर मुळातच पायऱ्यांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजला, कठीण तसाच राहिला आणि पायऱ्या तयार झाल्या. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे डोंगरावर पायरी दिसली एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग फरक कुठे? लाव्हाची पायरी मोठी असते, पुरुषभर किंवा त्याहून उंच, आणि डोंगराच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत सलग जाते. समोरच्या डोंगरावरही साधारण त्याच पातळीला तिची जोडपायरी सापडते. शेताची पायरी लहान असते. ती घळीच्या किंवा ओहोळाच्या आसपास असते, कारण पाणी तिथे असतं. वीस-तीस पावलांवर ती संपते, आणि संपताना वळून वरच्या उताराला मिळते. पाणी बाजूने निसटू नये म्हणून बांधाची दोन्ही टोकं वर वळवलेली असतात. हे वळण निसर्ग सहसा करत नाही.

पुढची खूण बांधाच्या पायथ्याशी. तिथले दगड बघा. मोठे खाली, लहान वर, मध्ये चिपा ठोकलेल्या. आपोआप घरंगळत आलेले दगड असे बसत नाहीत. वरून पडलेल्या राशीत मोठा दगड सगळ्यात लांब जातो आणि त्याची सपाट बाजू कुठेही असते. रचलेल्या दगडाची सपाट बाजू बाहेर असते. हात फिरवला की कळतं.

तिसरी खूण मातीत. बांधाच्या आतल्या अंगाची चिमूटभर माती ओली करून बोटांत वळा. खाचरात वर्षानुवर्षं पाणी साचून गाळ बसलेला असतो, म्हणून ती चिकट आणि बारीक लागते आणि तिची वात वळते. चार पावलं वर उतारावरची माती घ्या, ती मुरमाड असते, हातात फुटते. माती पाहून झाली की तिथेच परत टाका.

आणि तोंड शोधा. प्रत्येक खाचराला जास्तीचं पाणी खालच्या खाचरात सोडायला बांधाचं तोंड असतं. त्या जागी बांध नीट दाबून, दगड लावून खोलगट केलेला असतो. खालोखालच्या खाचरांची तोंडं सहसा एका रेषेत नसतात. एक डावीकडे असेल तर दुसरं उजवीकडे, म्हणजे पाणी धावत सुटत नाही, शेतभर फिरून मग उतरतं. अशी दोन तोंडं सापडली की माझी खात्री पटते.

आरेत आणि येऊरच्या बाजूला उतारावर आडव्या ओळी स्पष्ट दिसतात. त्या जुन्या आहेत ना?

बऱ्याचदा नाहीत. मृदसंधारणासाठी आणि झाडं लावण्यासाठी खणलेले सलग समतल चर महाराष्ट्रातल्या असंख्य डोंगरांवर आहेत, आणि ते गेल्या काही दशकांतले आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः असे चर जुने बांध म्हणून वहीत उतरवले होते. पुढे दोन पावसाळे त्याच जागी जाऊन पाहिलं तेव्हा चूक लक्षात आली आणि ती पानं खोडली.

चर म्हणजे खड्डा. माती खालच्या अंगाला टाकलेली, वरच्या अंगाला खोलगट नाली. शेताच्या पायरीला अशी नाली नसते, सपाटी असते. चरांमधलं अंतर मोजून ठेवल्यासारखं सारखं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या कडेने एका वयाची झाडं ओळीने उभी असतात. जुन्या खाचरांची रुंदी मात्र उताराप्रमाणे बदलते, एक चार पावलांचं तर शेजारचं नऊ पावलांचं.

गुरांच्या वाटाही फसवतात. त्या फूटभर रुंद असतात आणि एकमेकींना छेदत जाळ्यासारख्या पसरतात. जुन्या दगडखाणींच्या पायऱ्या ओळखणं सोपं, तिथे खडकावर पहारीच्या किंवा सुरुंगाच्या भोकांच्या खुणा असतात.

मुंबईत डोंगरावर शेती? कशाला? सपाट जागा कमी होती का?

आज जिथे सपाट जागा दिसते त्यातला बराच भाग खाडीचा होता. भरतीचं पाणी आत येई, जमीन खारी. तिथे शेती करायची तर आधी बांध घालून समुद्र अडवायचा आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन गोडी करायची. खारबंदिस्तीचं हे काम साष्टीत फार जुनं आहे. खाडीकाठाला बांध घालून मिळवलेल्या अशा जमिनीला इकडे ‘शिलोत्री’ म्हणत.

डोंगराच्या पायथ्याची जमीन मात्र गोडी. वरून माती वाहून येते आणि ओहोळ खेळता असतो. म्हणून सगळ्यात चांगली खाचरं डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात. त्यांच्या वर घळींच्या तोंडाशी पायऱ्या करून भात, आणि त्याहून वर चढाच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. वरकसात नांगर चालत नाही, कुदळीचं काम. दोन-तीन वर्षं पीक घेऊन जमीन पडीक ठेवायची. तिथे बांध नसतातच. म्हणून डोंगरमाथ्याकडे शेतीची खूण सापडली नाही याचा अर्थ तिथे शेती नव्हती असा होत नाही.

इंग्लंडमधल्या हिरव्या टेकड्यांवर लाटांसारख्या शेताच्या खुणा फोटोंत पाहिल्या आहेत. तशा आपल्याकडे का नाहीत?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याच्या उत्तरात सगळा विषय येतो. जमिनीवर कसली खूण उरणार हे हत्यार आणि पीक ठरवतं.

तिथला मध्ययुगीन नांगर जड होता आणि माती एकाच बाजूला, उजवीकडे, उलटवायचा. शेतकरी आपल्या पट्टीभोवती फेऱ्या घालत नांगरत गेला की प्रत्येक फेरीला माती पट्टीच्या मध्याकडे सरकायची. पिढ्यान्‌पिढ्या तसं केल्यावर पट्टीचा मध्य उंच झाला आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये चर पडला. थंड, ओल्या प्रदेशात गव्हा-बार्लीच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून हे हवंच होतं. नांगराला बैल पुष्कळ, मोठ्या जोतात आठ. एवढं लांबलचक जोत बांधाशी पोचल्यावर एकदम वळत नाही, आधीपासून वळवत आणावं लागतं. म्हणून त्या पट्ट्या सरळ नसतात, उलट्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं हलकं वळण घेतात. आजही ते वळण दिसलं की पट्टी मध्ययुगीन असण्याची शक्यता दाट. सरळसोट आणि अरुंद पट्ट्या बहुतेक १८व्या-१९व्या शतकातल्या. फर्लांग हा शब्दही तिथलाच, एका दमात नांगरलेल्या तासाची लांबी. २२० यार्ड म्हणजे सुमारे २०१ मीटर. आपले आजोबा ‘गाव इथून चार फर्लांगांवर’ म्हणायचे तेव्हा त्या बैलांची चाल मोजत होते.

डोंगरउतारावर तिथेही पायऱ्या आहेत. आडवं नांगरताना माती खाली सरकते आणि शेताच्या खालच्या काठाला साचते, वरच्या काठाची खरवडली जाते. त्यातून उतारावर आडव्या पट्ट्या बनतात. डॉर्सेट परगण्यात वर्थ मॅट्रॅव्हर्सजवळच्या टेकड्यांवर त्या ठळक दिसतात. स्कॉटलंडात एडिंबरा शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाची टेकडी आहे, तिच्या पूर्व उतारावरही जुन्या शेतीच्या पायऱ्या आहेत. शहराच्या पोटातला डोंगर आणि त्यावर शेत, अगदी आपल्यासारखंच.

आपला लाकडी नांगर हलका. तो माती उलटवत नाही, फक्त चिरतो. दोन बैलांचं जोत जागच्या जागी वळतं. त्यामुळे वरंबे साचत नाहीत. आणि आपल्या पिकाची गरज उलटी, भाताला मुळाशी पाणी हवं. तिकडचा शेतकरी पाणी काढायला जमीन उंच करत होता, आपला पाणी धरायला सपाट. म्हणून आपल्याकडे लाटा सापडत नाहीत, ताटं सापडतात. काठ असलेली, एकाखाली एक मांडलेली.

तिकडे त्या खुणा टिकल्या कशा? आणि इकडे?

तिकडे १३४८-४९च्या प्लेगमध्ये माणसं मेली, गावं आक्रसली. त्यानंतरच्या काळात लोकरीसाठी मेंढ्या ठेवणं जमीनदारांना परवडू लागलं. शेताचं कुरण झालं, गवताने जमीन धरून ठेवली आणि त्यावर पुन्हा नांगर फिरला नाही. यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी हे असंच ओस पडलेलं गाव. तिथे १९५० ते १९९० अशी ४० वर्षं उत्खनन चाललं.

इकडे तेच काम तलावांनी केलं असं मला वाटतं. विहार १८६०मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९मध्ये, पवई १८९१च्या सुमारास. शहराला पाणी हवं म्हणून वरचे उतार राखीव झाले, शेती मागे हटली आणि रान वाढलं. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. ज्या पाण्यासाठी लोकांनी खाचरं सोडली तेच पाणी आपण नळाला पितो. मी विहारच्या काठाकडे बघतो तेव्हा हे मनातून जात नाही.

‘मध्ययुगीन’ म्हणजे कधीचं?

उत्तर कोकणापुरतं बोलायचं तर शिलाहारांपासून. साधारण नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांचं राज्य होतं, राजधानी स्थानक, म्हणजे ठाणे. त्यानंतर यादव, मग गुजरातचे सुलतान, १५३४पासून पोर्तुगीज. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७७४मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. राजवटी अशा बदलत गेल्या, पण खाचर बांधायची रीत बदलली नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मग हा बांध शिलाहारांच्या वेळचा की माझ्या पणजोबांच्या, हे कसं ठरतं?

नुसतं पाहून ठरत नाही. फेरीत कुणी उत्साहाने ‘हजार वर्षं जुना बांध’ असा फोटो टाकला तर आम्ही तो मागे घ्यायला सांगतो. बांध दरवर्षी दुरुस्त होतो. मुरबाडकडे माझ्या मामाच्या शेतावर मे महिन्यात बांधबंदिस्ती चालायची. मुठ्यांनी, म्हणजे शेतातल्या खेकड्यांनी, पोखरलेली भोकं शोधायची, ढेकळं बसवायची, टाचेने दाबायची. मामा म्हणायचा, “हा बांध माझ्या आजाचा.” त्या बांधातलं एक ढेकूळही आजोबांच्या वेळचं नव्हतं, तरी बांध आजोबांचाच होता, जागा तीच, रेघ तीच. म्हणून वरची माती नवी असते आणि रेघ जुनी असू शकते.

शास्त्राकडे मार्ग आहेत. बांधाच्या तळाशी अडकलेला कोळसा सापडला तर कार्बन पद्धतीने त्याचं वय काढता येतं. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजता येतं. बांध घालताना जी जमीन झाकली गेली तिचे कण तेव्हापासून अंधारात आहेत, म्हणून ही पद्धत बांधांसाठी फार उपयोगी. भात आणि नाचणी यांच्या पानांतले सूक्ष्म सिलिकाकण मातीत शेकडो वर्षं राहतात, त्यावरून पीक कळतं. यासाठी परवानगीने, तज्ज्ञांच्या हातून, बांधाला आडवा छेद घ्यावा लागतो. आपण हौशी माणसांनी त्यात हात घालायचा नाही. एकदा उकरलेला बांध पुन्हा वाचता येत नाही.

आपल्याला नातं मात्र लावता येतं. बांधावर वाढलेलं झाड, बांधाला कापून गेलेली वाट, बांधाच्या दगडांवर उभी राहिलेली नंतरची भिंत. काय आधी, काय नंतर, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

शिलालेखांत या शेतांचं काही सापडतं का?

सापडतं, आणि भरभरून. कान्हेरीच्या सातवाहनकालीन लेखांत भिक्षुसंघाला शेत दान दिल्याचे उल्लेख आहेत, त्यातलं एक मंगलस्थानचं, म्हणजे आजच्या बोरिवलीतल्या मागाठाण्याचं. मागाठाणे बस डेपोतून रोज हजारो माणसं ये-जा करतात. त्या गावाच्या शेतजमिनीचा उल्लेख दगडावर कोरून ठेवलेला आहे हे कळल्यावर ती जागा पुन्हा तशीच दिसत नाही.

पुढे शिलाहार पुल्लशक्ती (इ.स. ८४३) आणि कपर्दी दुसरा (८५३ आणि ८७७) यांच्या काळातले लेखही कान्हेरीत आहेत. ‘साष्टी’ हे नाव षट्षष्टीवरून आलं, षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावं. आपल्या बेटाचं नावच मुळी गावांच्या मोजणीवरून पडलेलं. ११८७चा परळचा अपरादित्याचा लेख षट्षष्टीतल्या माहवली गावच्या उत्पन्नाविषयी आहे. त्याच्या शेवटी मराठीत शाप आहे आणि खाली गाढवाची आकृती.

ताम्रपटांत दान दिलेल्या जमिनीच्या चारही दिशांच्या सीमा सांगितलेल्या असतात. पूर्वेला काय, दक्षिणेला काय, कुठे ओढा, कुठे डोंगर, कुठे दुसऱ्याचं शेत. तो मजकूर वाचून मग डोंगरावर गेलं की बांधाकडे बघायची नजर बदलते. ज्याने दान दिलं त्याचं नाव दगडावर आहे, ज्याने बांध घातला त्याचं नाव कुठेच नाही. त्याने मागे ठेवलं ते हेच, आणि माझ्या लेखी बांध शिलालेखाहून कमी मोलाचा नाही.

पोर्तुगिजांच्या काळातलंही आहे. सिमाँव बोतेल्यू याने १५५४मध्ये केलेल्या महसुलाच्या नोंदीत वसईकडच्या गावांचा वसूल भातात मोजलेला आहे, आणि माप ‘मुडा’. आपलाच शब्द, त्यांच्या वहीत.

बांध किती उंच असायचा? काही हिशेब आहे का?

आहे, आणि तो सोपा आहे. दहा मीटर चाललं की एक मीटर चढ, असा उतार धरा. पाच मीटर रुंदीचं खाचर सपाट करायचं तर वरच्या आणि खालच्या काठात अर्ध्या मीटरचा फरक पडतो. म्हणजे पायरी गुडघ्याएवढी. चार मीटरला एक मीटर चढ असेल तर तेवढ्याच रुंदीला सव्वा मीटरची पायरी लागते, छातीशी येणारी. तेवढे दगड, तेवढे हात कुणाकडे असणार? म्हणून त्या चढावर भात संपतो आणि वरकस सुरू होतं.

आता पाण्याचा भार बघा. पाच मीटर रुंद, वीस मीटर लांब खाचरात वीतभराहून कमी, दहा सेंटिमीटर पाणी उभं केलं तरी ते दहा हजार लिटर होतं, म्हणजे दहा टन. ते पाणी पावसाळाभर मातीच्या बांधावर टेकलेलं असतं आणि मुंबईत वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. एक तोंड चुकलं तर खालची सगळी खाचरं ओळीने फुटणार. म्हणून हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. वरच्याने कधी पाणी सोडायचं हे खालच्याला माहीत असावं लागे. बांधांची रांग दिसली म्हणजे एकमेकांशी बोलणारी माणसं होती, हे नक्की.

शेत सोडून आणखी काय शोधावं?

ऐनाची झाडं. राब भाजायला फांद्या लागत, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी पाला-फांद्या जाळून तयार करायला. वर्षानुवर्षं छाटलेल्या ऐनाचं खोड गाठाळ होतं. बांधाच्या आसपास असं झाड दिसलं तर त्याच्या खाली राबाची जागा असू शकते. जवळ आंबा किंवा ताड असेल तर वस्तीही. पाट, टाकी, पाटा-वरवंट्याचे तुकडे. कान्हेरीला खडकात खोदलेली पाण्याची टाकी तर लेण्यालेण्याला आहेत. तिथल्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. पावसाचं पाणी अडवायची अक्कल डोंगराच्या वर दगडात दिसते आणि खाली मातीत, पण ती एकच आहे.

गावांची नावंही ऐका. घारापुरी बेटावर एका वस्तीचं नाव शेतबंदर आहे.

कुठे जाता येईल? परवानगी लागते का?

राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या वाटा सोडून जाता येत नाही आणि जाऊ नये. तिथे बिबट्या राहतो, तो त्याचा मुलूख आहे. कान्हेरीच्या वाटेवरूनही उतार वाचता येतात. उद्यान सोमवारी बंद असतं. सुरुवात करायला कान्हेरीचा वरचा भाग मला सगळ्यात चांगला वाटतो, तिथून घळी आणि त्यांच्या तोंडाशी असलेल्या सपाट्या एका नजरेत येतात. आरेतल्या पाड्यांभोवती आजही शेती चालते, ती पाहिली तर मोडलेलं खाचर ओळखणं सोपं जातं. पण ती कुणाच्या तरी घरची शेती आहे. विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवायचा नाही.

आम्ही नेमक्या जागा जाहीर करत नाही. एकदा एका चांगल्या रांगेचा पत्ता बाहेर गेला आणि काही महिन्यांत तिथले पायथ्याचे दगड कुणीतरी बागेसाठी उचलून नेले. तेव्हापासून जागा वहीतच राहते.

पाड्यांतल्या लोकांना काय विचारावं?

‘हे किती जुनं?’ असं विचारू नका. वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबांनी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली आहे, त्यांना वर्षं नाही तर काम माहीत आहे. पाणी कुठून येतं, कुठे थांबवता, इथे आधी काय पेरायचे, असं विचारा. एका आजींना मी एक पडीक सपाटी दाखवून म्हटलं, “आजी, इथे शेत होतं का?” त्यांनी जमिनीकडे पाहिलंच नाही, वर घळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पाणी तिकडून आलं असतं तर इथे नाही, त्या आंब्याखाली असेल.” आंब्याखाली गेलो. तिथे दगडांची रचलेली ओळ होती, तेवीस पावलांची. मी खालून वर बघत होतो, त्यांनी पाण्यासोबत वरून खाली पाहिलं.

उपग्रहाच्या फोटोंत दिसेल का? घरबसल्या शोधता येईल?

थोडंफार. उघड्या गवताळ उतारावर, उन्हाळ्यातल्या फोटोत, सावली लांब असेल तर रेघा दिसतात. रानाखाली काहीच दिसत नाही. मोफत मिळणारे उंचीचे नकाशे बहुतेक ३० मीटरच्या चौकटीचे असतात, त्यात अर्ध्या मीटरचा बांध हरवून जातो. विमानातून लेझर किरण सोडून पानांमधून जमिनीची उंची मोजणारं लायडार तंत्र यासाठी खरं. इंग्लंडमध्ये अशी माहिती सर्वांसाठी खुली आहे आणि तिथले हौशी लोक घरी बसून शेतं शोधतात. आपल्या डोंगरांचं असं मोजमाप सर्वांना खुलं व्हावं असं मला फार वाटतं.

जुने कागद मात्र विसरू नका. गावनकाशात भूमापन क्रमांकांच्या हद्दी पुष्कळदा बांधावरूनच गेलेल्या असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती, जमीन भाताची की वरकस, हेही बोलकं असतं. उपनगरात बऱ्याच ठिकाणी सातबारा जाऊन मालमत्ता पत्रक आलं आहे, तिथे जुना फेरफार मागावा लागतो.

नोंद कशी करायची?

मोबाईलवर जागेची खूण, बांधाची लांबी पावलांत, उंची वितींत, तोंड कुठे, दगड आहेत की नुसती माती, वर-खाली आणखी किती. फोटोत माप कळायला काठी ठेवा. आणि चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटो काढताना बघत नाही.

या खुणांना कायद्याचं संरक्षण आहे का?

राष्ट्रीय उद्यानात जे आहे त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२मुळे आपोआप कवच मिळतं. कान्हेरीसारखं केंद्र सरकारने घोषित केलेलं स्मारक असेल तर १९५८चा कायदा लागू होतो, त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण. बाहेर, खासगी किंवा इतर जमिनीवर, साध्या बांधाला घोषणा झाल्याशिवाय काही नाही. बुलडोझरला अर्धा तास पुरतो. गधेगाळ (शाप आणि गाढवाची आकृती कोरलेला दगड), मूर्ती, नाणी असं काही दिसलं तर हलवू नका, शेंदूर-तेल लावू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना सांगणं बंधनकारक आहे.

कोणत्या महिन्यात यावं?

जानेवारी ते मे. गवत वाळलेलं, उन्हाळ्यात आडवं झालेलं. सकाळी साडेसातच्या आत उताराकडे तोंड करून उभे राहा, तिरप्या उन्हात जेमतेम पायाच्या घोट्याएवढा उंचवटाही सावली टाकतो. दहा वाजले की सगळं सपाट दिसायला लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊ नका, गवत डोक्याच्या वर जातं.

आणि एकदाच यायचं असेल तर?

जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी या. त्या आंब्याखाली आम्ही दरवर्षी जातो. उतारावरचं सगळं पाणी वाहून गेलेलं असतं, फक्त त्या तेवीस पावलांच्या मागे ते थांबलेलं असतं. बोटभर, गढूळ, खाचराच्या आकारात. बांधाचं तोंड डाव्या अंगाला आहे, तिथून एक बारीक धार खालच्या सपाटीकडे जात असते. तिथे कुणी पेरत नाही, आणि शेवटचं कधी पेरलं तेही कुणाच्या आठवणीत नाही. गेल्या वर्षी त्या पाण्यात एक छोटा मुठा बांध पोखरत बसला होता.